सतरावा सोमवार

केतकी आणि निखिल,

हे दोघांनी मिळून वाचा. निखिल, बहीण जिथे अडेल तिथे तू वाचून दाखव. जोडाक्षरांचा तिला पहिल्यापासून कंटाळा आहे.

मागच्या वर्षी केतकीने मला टपालाने एक प्रश्नावली पाठवली होती. टोरोंटोच्या तिच्या कॉलेजात खाण्याच्या विकारांवर संशोधन चालू होतं. ती स्वतः त्याच आजारातून उठत होती, म्हणून तिच्या बाईंनी तिलाही त्या कामात घेतलं होतं. आजारी मुलींच्या आज्यांना विचारायचे अकरा प्रश्न होते. घरात कुणी जेवण टाळत असे का? कुणी चोरून खात असे का? खाल्लेलं कुणी मुद्दाम बाहेर काढत असे का? समोर दोन चौकोन, ‘हो’चा आणि ‘नाही’चा. मी शाईचं पेन भरलं, पट्टी घेतली आणि अकराही ठिकाणी ‘नाही’च्या चौकोनात सारख्या मापाच्या खुणा केल्या. खाली सुरेख इंग्रजी सही केली.

त्यातली आठ उत्तरं खोटी होती.

गेल्या आठवड्यात निखिलचा फोन आला. केतकी पुन्हा अर्ध्या ताटावरून उठायला लागली आहे. ब्लॉग लिहिणं तिने बंद केलं आहे. विचारलं तर म्हणते, “या घरात मीच एकटी अशी निघाले.” मी फोन आबांच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन उभी राहिले.

केतकी, तू एकटी नाहीस. तुझ्या आधी मी होते. हे मला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता लिहिते आहे तर क्रमाने लिहिते. लाज वाटत असली की मला क्रमाचा आधार लागतो.

तुझ्या ब्लॉगचा एक नियम होता: वजनामापाचे आकडे द्यायचे नाहीत आणि युक्त्या सांगायच्या नाहीत, कारण वाचणारी आजारी मुलगी नेमकं तेवढंच उचलते. मीही तो पाळणार आहे.

निरोपाचा फोटो

कळंबच्या शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभात फोटो काढला. तो आठवड्याने शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी तिथेच होते. आमच्या क्लार्कने तो लांब धरून पाहिला आणि म्हणाला, “म्याडम, पेन्शन हातात पडाच्या आधीच अंगावर दिसून राह्यली!”

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन तो फोटो मी कपाटात उलटा ठेवला.

दोष त्या क्लार्कचा नाही. पस्तीस वर्षं माझा दिवस शाळेच्या घंटेवर चालला होता, आता घंटा नव्हती. घरात आम्ही नवरा-बायको, मी आणि आबाच. ते कापूस संकलन केंद्रावरून ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, म्हणून आधीच निवृत्त झाले होते आणि ओसरीवर लोकांशी बोलत बसत. मला काहीतरी धरून ठेवायला हवं होतं. मी सोळा सोमवारचं व्रत धरलं. मग गुरुवार. कळंबला चिंतामणी गणपती, त्यामुळे चतुर्थी होतीच. एकादशी तर आईपासूनची. कपाटाच्या दाराला आतून मी उपासांचं वेळापत्रक लावलं, शाळेत लावत असे तसंच, तांबड्या आणि निळ्या शाईत.

पहिल्यांदा भगर, साबुदाणा, राजगिरा चालत असे. मग एकेक पदार्थ मी खोडत गेले. गल्लीतल्या बायका म्हणत, “बाईंचा उपास म्हंजे उपास!” हे ऐकायला मला फार आवडे. देवाचं नाव मी घेत होते, पण मला हवं होतं ते हे.

उद्यापन

तुम्हा दोघांना हे समजावून सांगायला हवं. व्रत कायमचं नसतं. सोळा सोमवार झाले की सतराव्याला उद्यापन करतात, म्हणजे व्रताची समाप्ती. कणकेचा तूप-गूळ घालून चुरमा करायचा आणि त्याचे तीन वाटे करायचे. एक देवाला, एक लोकांना, आणि तिसरा व्रत करणाऱ्याने स्वतः खायचा. तो खाल्ल्याशिवाय व्रत सुटत नाही.

मला तो तिसरा वाटा नको होता. सतरावा सोमवार आला तसा गेला.

आमच्या मागच्या वस्तीतल्या सुभद्राबाईंनी विचारलं, “बाई, उद्यापन कवा?”

कापसाची ती वाईट वर्षं होती. ओसरीवर रोज तेच बोलणं. बोंडअळी, बोगस बियाणं, कोणाची कपाशीची पऱ्हाटी वाळली, कोणाच्या घरचं माणूस गेलं. सुभद्राबाईंचं स्वतःचं शेत सलग दोन हंगाम बुडालं होतं. आणि मी त्यांना म्हणाले, “अशा वर्षात मी तूप-गूळ वाटत बसू का? कापूस नीट घरी येईल त्या वर्षी करीन.”

मला त्या क्षणी सुचलेली ती सबब होती. आठ दिवसांत ती गावभर झाली, पण सबब म्हणून नाही. बाईंनी गावासाठी उपास धरला, कापूस पिकेपर्यंत सोडणार नाहीत, अशी.

सुभद्राबाई नारळ घेऊन आल्या. माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाल्या, “आमच्यासाठी तुमी उपाशी राह्यता. तुमच्या पुण्याईनं तरी यंदा बोंडं फुटन.”

‘नाही हो, तसं काही नाही’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी नारळ घेतला आणि म्हणाले, “देव आहे.”

पुढचा हंगामही वाईट गेला, आणि माझ्या मनात खोल कुठेतरी हलकं वाटलं की चला, अजून एक वर्ष उद्यापन नाही. केतकी, हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

दुसरी बाजू

गाव ज्या बाईच्या पाया पडत होतं ती दुपारी आबा झोपले की कोठीच्या खोलीत दार लोटून बसायची. गूळ, शेंगदाणे, शिळी पोळी, दिवाळीचे लाडू. उभ्या उभ्या, चव न घेता खायची. पोट दुखेपर्यंत. आणि मग सगळं बाहेर. कसं ते लिहीत नाही. नंतर तोंड धुऊन आबांसाठी चहा टाकायची. एरवी माझ्या वाटणीच्या पोळ्या शेजारच्या गाईला जात. गाईला घास देणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार?

शाळेत मी मुलींचे डबे तपासत असे. अन्न टाकणाऱ्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी समोर उभं करत असे. हेही लिहून ठेवते.

केतकीचा रकाना

त्याच काळातल्या एका श्रावणात तुम्ही सगळे आला होतात. केतकी, तू पंधराची होतीस. ओसरीवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर मी म्हणाले, “आमची केतकी अंगाने जरा भरली आहे.” तू हसलीस. तुझं ते हसू मला ओळखायला यायला हवं होतं. शाळेच्या ऑफिसात मी तसंच हसले होते.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, “आजी, मी पण सोमवार करू?”

मी तुला जवळ घेतलं. कपाट उघडलं, पट्टी घेतली आणि वेळापत्रकात तुझ्या नावाचा एक रकाना आखला. श्रावणाचे चार सोमवार, चार खुणा. चौथ्या सोमवारी तुला घेरी आली तेव्हा लिंबूपाणी दिलं आणि म्हणाले, “पहिल्यांदा होतं असं.” तुझी आई रागावली. मी तिला म्हणाले, “आपल्या संस्काराचं काहीतरी राहू दे मुलीत.”

निघताना तू ते वेळापत्रक मागितलंस. मी त्याची स्वच्छ प्रत करून दिली.

शेवंता

शेवंता आमच्याकडे भांडी घासायला येई. जवळच्याच तांड्यावरची. वेचणीच्या दिवसांत कापूस वेचायला जाई आणि संध्याकाळी आमच्याकडे. जीभ तिखट. एकदा गाईकडे बघून म्हणाली, “बाई, उपास तुमी करता अन् फुगून गाय राह्यली.” मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीच्या साफसफाईत तिने कोठीतला जुना पिठाचा डबा काढला. त्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. बुरशी आलेल्या पोळ्या, खराब झालेले लाडू. ताटातून उचललेलं, आणि दुपारसाठी लपवून विसरलेलं.

“बाई, हे काय होय?”

“उंदरांसाठी ठेवलं होतं.”

“उंदरायसाठी बेसनाचे लाडू?” ती डबा मांडीवर घेऊन खालीच बसली. “मी दोन वर्सं झाले पाहून राह्यली. तुमच्या ताटाले वरणाचा डाग नसते. अन् कोठीतला गूळ संपते.”

“शेवंता, कुणाला सांगू नकोस.”

“कोनाले सांगू? माही सासू तुमच्या नावानं दिवा लावते.” तिने डब्यातली एक पोळी उचलून पाहिली. “माहे लेकरं तांड्यावर हायेत, बाई. हे त्यायच्या तोंडात गेलं असतं. मागून न्याची मले लाज वाटली असती. फेकाची तुमाले नाही वाटली?”

तिने तो डबा राखेने घासून उन्हात उलटा घातला. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी मात्र थांबले नाही. लाजेने माणूस सुधारतो, असं मी वर्गात शिकवत आले होते. मला तरी लाजेने आणखी लपायला शिकवलं.

पायऱ्या

चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, हे तुम्ही पाहिलं आहे. चतुर्थीच्या गर्दीत मी त्या पायऱ्यांवर कोसळले. डोळे उघडले तेव्हा भोवती बायका होत्या. कुणीतरी माझ्या कपाळावर कुंकू चोपडत होतं. “बाईच्या अंगात आलं! सरका, सरका, पाया पडू द्या!”

आबा गर्दी सारत खाली आले. इतक्या मोठ्याने बोलताना त्यांना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “हटा तिकडं! अंगात काही नाही आलं तिच्या. पोटातच काही नाही गेलं!”

म्हणजे त्यांना माहीत होतं.

ॲम्ब्युलन्समध्ये मी विचारलं, “कधीपासून?”

“दोन वर्सं,” ते म्हणाले. “मले वाटे, आज सोडशील, उद्या सोडशील.”

“मग बोलला का नाहीत?”

“देवाच्या नावानं करत होतीस, हेडमास्तरीण. देवाच्या मंधात मी काहून पडू?” आणि मग खिडकीकडे बघत, “भेलो मी. मनातलं सांगतो, भेलो.”

कितवा सोमवार

यवतमाळच्या दवाखान्यात जी डॉक्टर आली तिने माझे दात पाहिले, हाताच्या बोटांची मागची बाजू पाहिली आणि आबांना बाहेर बसायला सांगितलं. मग मास्क काढून म्हणाली, “बाई, ओळखलं का? वैशाली. दहावी ब.”

वैशालीचे वडील एसटीत कंडक्टर होते. हुशार, शांत मुलगी. घरचं वातावरण बौद्ध. श्रावणातही तिच्या डब्यात रोजचंच जेवण असे, हे डबे तपासताना मी पाहिलेलं होतं.

“आमच्याकडे उपासतापास नव्हते, त्यामुळे मला त्यातलं कळत नाही,” ती म्हणाली. “समजावून सांगा. सोळा सोमवार म्हणजे सोळाच ना?”

“सोळा. सतराव्याला उद्यापन.”

“मग संपतं?”

“संपतं.”

“तुमचा आता कितवा चालू आहे?”

ती मला अडकवत नव्हती, खरंच विचारत होती. पण वेळापत्रक लावणाऱ्या बाईला हे एक उत्तर देता येईना. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले.

तिने खुर्ची जवळ ओढली. “जेवण लपवता का?”

मी मान हलवली.

“बाई, तुम्ही आम्हाला काय सांगायच्या? उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं.”

त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी रडले आणि म्हणाले की साखर कमी झाली असेल, तपासून बघ. तिने तपासलं. क्षार घसरले होते, हृदयाचे ठोके चुकत होते. तिने आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी म्हणाले, “हा शहरातल्या तरण्या मुलींचा आजार. इथे, या जिल्ह्यात, असल्या वर्षात, मला?”

“आजार पत्ता विचारून येत नाही, बाई. वयही विचारत नाही.”

बारा दिवस

वॉर्डात दिवस आवाजांनी कळे. पहाटे झाडू, मग वजनकाटा ओढत आणणारी नर्स, अकराला जेवणाच्या गाड्याची चाकं. मी काट्यावर पाठमोरी उभी राहायची, आकडा मला सांगायचा नाही असा वैशालीचा हुकूम होता. जेवण कुणाच्या तरी समोर करायचं, आणि नंतर अर्धा तास उठायचं नाही. तो अर्धा तास आबांचा. पहिले दोन दिवस आम्ही भांडलो. मी म्हणाले, मी काय कैदी आहे का? ते म्हणाले, मी काय जेलर दिसतो का, मी तर तुझा नवरा पण नीट झालो नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस काढला, दोन बोटांत ताणून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, “फरदड. सरकारनं तुले फरदडीवर झोपवलं.” मुख्य वेचण्या झाल्यावर उरल्यासुरल्या झाडांवर येतो तो हलका कापूस म्हणजे फरदड. मी हसले आणि अर्धा तास गेला. पुढे रोज ते एकेका उशीची प्रत लावत.

शेजारच्या खाटेवर राळेगावकडची एक मजूर बाई होती. अंगात रक्त नव्हतं तिच्या. तिने विचारलं, “तुमाले काय झालं, माय?”

“ॲसिडिटी,” मी म्हणाले.

संध्याकाळी तिचा नवरा सायकलवरून भाकरी आणि ठेचा घेऊन आला. तिने अर्धी भाकरी मोडून माझ्या अंगावरच्या चादरीवर ठेवली. “थोडं थोडं खात जा. खाल्लं की दुखत नाही.” तिच्यासमोर ती भाकरी मी खाल्ली आणि पोटात ठेवली. माझ्या बरं होण्याची सुरुवात मी तिथून धरते. तिचं नाव मात्र मी विचारलं नाही; सगळ्याची नोंद ठेवणाऱ्या माझ्या वह्यांत तेवढं कुठेच नाही.

नवव्या दिवशी वैशाली खाटेशी उभी असताना मी म्हणाले, “मी जेवण लपवते, चोरून खाते आणि बाहेर काढते.”

“शाब्बास,” ती म्हणाली, अगदी माझ्याच सुरात.

घरी

घरी आल्यावर मी वैशालीला म्हटलं, जेवणाचं छान वेळापत्रक करते. ती म्हणाली, “तुम्ही नाही. आबा करतील.” आबांच्या वेळापत्रकात तीन ओळी होत्या: ‘सकाळी काहीतरी. दुपारी पोटभर. रात्री मी खाईन ते.’ ते बघून माझा जीव कासावीस होई. तेच औषध होतं.

सरळ रेषेत बरी झाले असं नाही. दोनदा घसरले. सोमवार अजूनही जड जातो. पण कोठीच्या दाराला आबांनी कुलूप लावलं होतं, ते एक दिवस मी स्वतः काढायला सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. गावाला खरं सांगितलं नाही. लोक म्हणत, गावासाठी उपास करून बाई मरता मरता वाचल्या. मी ते तसंच राहू दिलं. वैशाली प्रत्येक तपासणीला विचारायची, “बाई, उद्यापन?” मी म्हणायची, बघू.

हितचिंतक

त्यानंतर वर्षभराने अविनाशचा, तुमच्या बाबांचा, फोन आला. केतकीला दवाखान्यात ठेवलं आहे, ती जेवत नाही. “आई, आपल्याकडे असं कुणाला होतं का गं?”

अविनाशला आम्ही माझं दुखणं ‘बीपी’ म्हणून सांगितलं होतं. मी म्हणाले, “नाही रे. आपल्या घरात असलं काही नाही.” खाटेवर आबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचं ते बघणं अजून माझ्यावरून उठलेलं नाही.

मग ती प्रश्नावली आली. ती कशी भरली ते वर लिहिलंच आहे.

आणि मग तुझा ब्लॉग. बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेत भारनियमनाच्या आधीच्या तासाभरात मी तो वाचायची. तू दवाखाना लिहिलास, भीती लिहिलीस, आईबाबांची भांडणं लिहिलीस. एक दिवस वेळापत्रकाविषयी लिहिलंस. आजीच्या हातचा तो कागद अजून माझ्या कपाटाला आहे, त्यातल्या चार खुणांइतकं कौतुक मला कशाचंच मिळालं नाही, असं. माझ्यावर राग कुठेच नव्हता. त्यानेच मी घाबरले. हे कळंबमधलं कुणी वाचलं तर?

खाली प्रतिक्रिया लिहायची जागा होती. मी नाव घातलं ‘हितचिंतक’ आणि माझ्या उत्तम इंग्रजीत लिहिलं की घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणं चांगल्या घरच्या मुलीला शोभत नाही, वडीलधाऱ्यांच्या मनाचा विचार करावा.

तू दुसऱ्या दिवशी उत्तर दिलंस. आभार मानलेस. लिहिलंस, “माझी आजीही कदाचित हेच म्हणेल. ती फार खंबीर आहे, तिला असलं दुबळेपण कधी शिवलं नाही. तिला त्रास होणार असेल तर मी थांबते.” त्यानंतर तू काही लिहिलं नाहीस. आणि आता जेवतही नाहीस.

तो हितचिंतक मी होते, केतकी.

सोमवार

निखिलच्या फोननंतरच्या सोमवारी मी उद्यापन केलं. सुभद्राबाईंना बोलावलं, शेवंताला आणि तिच्या सासूला, गल्लीतल्या चौघींना. वैशाली यवतमाळहून एसटीने आली. चुरमा मी केला. वाटण्याआधी उभी राहिले, शाळेत परिपाठाला राहत असे तशी, आणि सांगितलं:

“मी तुमच्यासाठी उपास धरला नव्हता. मला खाण्याचा आजार होता. तुमच्या घरात कमी होतं तेव्हा मी अन्न लपवून नासवलं, आणि तुम्ही माझ्या पाया पडलात ते पडू दिलं.”

शेवंताची सासू शेवंताकडे बघू लागली. सुभद्राबाईंनी आपला वाटा पदरात बांधला आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, “मी अनवाणी आल्ती तवा. नारळ घेऊन.” आणि गेल्या. त्या अजून आलेल्या नाहीत. मी त्यांच्याकडे जाणार आहे, पण त्यांनी माफ करावं म्हणून नाही. ते त्यांचं त्या ठरवतील.

माझा वाटा ताटात होता. सगळ्या बघत होत्या, हात उचलेना. शेवंता म्हणाली, “खा आता, बाई. आज गाय नाही बांधली तिकडं. मी पाहून आली.”

वैशालीला हसू आवरेना. मी तिसरा वाटा खाल्ला. नंतर आबा अर्धा तास शेजारी बसले.

तर केतकी, तुझ्या संशोधनाच्या बाईंना सांग की माझी प्रश्नावली बाद करा. चौकोनात पूर्ण वाक्य मावत नाही, म्हणून हे लिहिलं. बाबांना आधी वाचून दाखव. मग ब्लॉग उघड आणि यातलं तुला हवं तेवढं त्यावर घाल. इंग्रजी तुझ्या पद्धतीने कर, मी त्याला हात लावणार नाही. ‘एक आजी’ असं लिहू नकोस. माझं नाव लिही, कुमुद. आणि आज रात्री निखिलसमोर जेव. जमलं नाही तर नाही जमलं म्हणून मला फोन कर. इथे सकाळ असेल, मीही तेव्हा ताटावर बसलेली असेन आणि मलाही ते सोपं जात नसेल.

तुझ्या कपाटावरचा तो कागद काढून टाक. इथला मी आज काढला. पट्टी ठेवून तुझा रकाना सरळ कापावा असं मनात होतं, पण हाताने फाडला. कड वेडीवाकडी आली आहे. तो तुकडा या पाकिटात घातला आहे, त्याचं काय करायचं ते तू बघ.

तुमची आजी